थंड मुलखातील गोबर गॅस

शेणाचा गॅस करतात ते सूक्ष्म जीवाणू. त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. १० अंशांखाली त्यांचे काम जवळजवळ थांबते. म्हणून डोंगराळ मुलखात ऐन हिवाळ्यात शेगडी मंदावते आणि घरच्या बाईला पुन्हा सरपणासाठी रान गाठावे लागते. विजेवर टाकी तापवणे गरिबाला परवडत नाही.

एक उपाय मोठ्या टाकीचा. शेणकाला आत किती दिवस राहावा, याचे माप महाराष्ट्रात ३० दिवसांचे, तर हिमाचल प्रदेशात ५५ दिवसांचे धरतात. पण टाकी मोठी म्हणजे विटा-सिमेंट जास्त.

उत्तर चीनमधील लिआओनिंग प्रांतात शेतकऱ्यांनी वेगळी युक्ती केली. टाकी जमिनीखाली, तिच्यावर डुकरांचे खुराडे व संडास, शेजारी भाजीचे वाफे, आणि या सर्वांवर प्लॅस्टिकचे एकच आच्छादन. दिवसाचे ऊन आत कोंडते. रात्री वरून पेंढ्याच्या चटया पसरतात. विष्ठा ताजीच टाकीत उतरते, गार पाणी घालावे लागत नाही. बाहेर बर्फ असताना आत टाकी उबदार राहते, जनावरे पोसतात, भाजी पिकते. टाकीतून निघालेली मळी त्याच वाफ्यांना जाते. खर्च येतो तो भाजीच्या विक्रीतून भरून काढता येतो.