शिष्यवृत्ति आणि परदेशचें शिक्षण

“परदेशच्या मुलांबरोबर शिकणें हें धनिकांचें काम,” असें कुरुंदवाडचे कांहीं पालक आम्हांस म्हणतात. हा समज सर्वस्वीं खरा नाहीं.

विद्यार्थि-विनिमयाची एक मोठी चळवळ युद्धांतून जन्मली. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’च्या स्वयंसेवकांनीं दोन्ही महायुद्धांत जखमी सैनिक रुग्णवाहिकांतून वाहिले. निरनिराळ्या देशांचीं मुलें एकत्र राहिलीं तर वैर कमी होईल, या विचारानें त्यांनीं १९४७ सालीं १० देशांतील ५२ विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देऊन अमेरिकेंत नेलें.

आपल्या जवळचें उदाहरण म्हणजे पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत १९९७ सालीं निघालेलें महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. या खाजगी संस्थेंत अनेक राष्ट्रांचीं मुलेंमुली अकरावी-बारावीचीं दोन वर्षें एकत्र राहून शिकतात. फी मोठी आहे. परंतु आधीं योग्यता पाहून निवड होते व मग कुटुंबाची ऐपत पाहून साह्य ठरतें.

विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, येथें केवळ परीक्षेचे गुण पुरत नाहींत. जिज्ञासा व सेवावृत्तिही पाहतात. पालकांनीं अर्जापूर्वीं विचारावें: साह्य पूर्ण कीं अंशतः? प्रवास व विमा यांचा खर्च कोणाकडे?

पालकांची खरी भीति मात्र निराळी असते: मूल परकें होऊन परतेल काय? आम्हांस वाटतें, ज्यास घरीं मातृभाषा, प्रार्थना व शेजारधर्म यांचें वळण लागलें, त्याविषयीं ही चिंता नको. पंचगंगा येऊन मिळाल्यानें आपली कृष्णा उणी होत नाहीं. ती वाढते, आणि कृष्णाच राहते.