पऱ्हाट्या उपटायच्या आदल्या रात्री

डिसेंबर सरत आला की बोरी अरबच्या शिवारातली पऱ्हाटी केविलवाणी दिसू लागते. पानं लाल पडून गळालेली, खालची बोंडं वेचून झालेली आणि शेंड्याला राहिलेला कवडी कापूस, ज्यातून वेचणाऱ्या बाईची मजुरीही सुटत नाही. शेजारी तूर सोंगणीला आलेली असते, हरभरा घाटे धरत असतो. कृषी खातं दर वर्षी सांगतं, डिसेंबरअखेर कापूस संपवा, फरदड घेऊ नका. हंगाम उलटल्यावरही पाणी-खत देऊन पऱ्हाटी उभी ठेवायची आणि आणखी एक-दोन वेचे पदरात पाडून घ्यायचे, याला फरदड म्हणतात. त्यात चार पैसे दिसतात खरे, पण गुलाबी बोंडअळीला नेमकं तेवढंच हवं असतं. उभ्या पिकावर ती तग धरते आणि पुढच्या खरिपात नव्या बोंडांत शिरते.

आमच्या घरात वर्ष संपायचं ते दोन कामांनी. ३१ डिसेंबरला दुपारी बाबा वावरात जाऊन पऱ्हाटीकडं पाहत बसायचे: ठेवायची की उपटायची? आणि संध्याकाळच्या एस.टी.नं आम्ही सगळे यवतमाळला वर्षअखेरच्या उपासनेला निघायचो. रात्री नातेवाइकांकडं मुक्काम आणि पहाटेच्या गाडीनं परत. लहानपणी मला ही दोन वेगळी कामं वाटायची. आज तशी वाटत नाहीत, म्हणून हा मागोवा.

त्या उपासनेचं मूळ फार लांबचं आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी जागरणाच्या उपासना सुरू केल्या, आणि मेथडिस्ट परंपरेबरोबर ती चाल आमच्यापर्यंत आली. आमच्याकडं तिला पेटी-ढोलक मिळाले, भजनं मिळाली, आणि मुख्य म्हणजे साक्ष मिळाली. रात्री दहाच्या सुमारास गाणी संपली की पाळकसाहेब विचारायचे, कोणाला साक्ष द्यायची आहे? मग एकेक जण उभा राहून वर्षभरात देवानं काय केलं ते सांगायचा. पोरगी पास झाली, बाप दवाखान्यातून उठून घरी आला, विहिरीला पाणी लागलं. बारा वाजायला दहा मिनिटं उरली की सगळे गुडघ्यांवर. त्या दहा मिनिटांत कोणी बोलायचं नाही. मग घंटा, हस्तांदोलनं, चहा, आणि ताटातून उचललेलं वचनाचं कार्ड. आजीनं तिची सगळी कार्डं बांगड्यांच्या डब्यात जपली होती. कडा झिजलेल्या, हळदीचे डाग पडलेले. कुठलं वचन कुठल्या वर्षीचं, हे तिला डबा न उघडता सांगता यायचं.

यवतमाळात ही मंडळी आली कशी, ते सांगायला हवं. १८६० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात फ्री मेथडिस्ट चर्च निघालं. नावातल्या ‘फ्री’ या शब्दाला तेव्हा धार होती. चर्चमधले बाक पैसेवाल्यांना भाड्यानं द्यायची तिकडं रीत होती. या लोकांनी बाक सगळ्यांना मोकळे केले आणि गुलामगिरीला उघड विरोध केला. त्यांच्यापैकी अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे जोडपं १८८१ साली हिंदुस्थानात येऊन बऱ्हाणपूरला राहिलं. पुढं १८९०च्या दशकात मिशनचं काम यवतमाळात रुजलं. तेव्हा हा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळालं.

आणि मग दुष्काळ आले. १८९६-९७चा एक आणि १८९९-१९००चा दुसरा, जो लोकांच्या तोंडी छप्पनचा दुष्काळ म्हणून राहिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून वऱ्हाडच्या कापसाला मँचेस्टरच्या गिरण्यांचं गिऱ्हाईक मिळालं होतं आणि ज्वारीच्या वावरात कापूस शिरला होता. पाऊस फिरला तेव्हा धान्याचे भाव चढले, आणि पांढरं सोनं पिकवणाऱ्या मुलखात खायला दाणा राहिला नाही. १८९१च्या जनगणनेत वऱ्हाडात सुमारे २८ लाख ९७ हजार माणसं होती, १९०१च्या जनगणनेत सुमारे २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत माणसं वाढायची, ती जवळजवळ दीड लाखानं घटली. मिशनच्या आवारात अनाथ पोरं आली ती याच वर्षांत.

आमच्या आजीची आजी त्यांतलीच. तिला आईबापांची नावं सांगता येत नव्हती, गावही धड आठवत नव्हतं. बैलाचं नाव तेवढं आठवत होतं: ढवळ्या. घरात ही गोष्ट हसत सांगितली जायची, आणि सांगून झाल्यावर कोणी हसायचं नाही.

पोटासाठी बाटले, असं आमच्या पूर्वजांबद्दल म्हटलं गेलं. मला त्याचा राग येत नाही. पोर भुकेलं होतं, भाकर मिळाली, ज्यानं दिली त्याचा देव आपला मानला. यात लाजण्यासारखं काय आहे? पण भूक भागल्यावरची शंभर-सव्वाशे वर्षंही मोजायला हवीत. त्या वर्षांत कोणी भाकर देत नव्हतं, उलट आम्हीच मंडळीच्या पेटीत पायलीभर ज्वारीचे पैसे टाकत होतो, आणि तरीही ३१ डिसेंबरला गुडघे टेकत होतो.

याच अर्नेस्ट वॉर्ड यांची मराठी साहित्याशी एक गाठ आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एक गोरा गृहस्थ त्यांच्याशी आदरानं बोलला, त्यानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं म्हणाला. तो गृहस्थ वॉर्ड होता, असं पुढं कळलं. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवचनाची सुरुवातच शोक करणाऱ्यांना, दीनांना, धार्मिकतेसाठी भुकेलेल्यांना धन्य म्हणण्यानं होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र त्या निर्णयानं पाच वर्षांचा वनवास आला. तो त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त जसाच्या तसा मांडला आहे, रडणं गाळून नाही.

पंडिता रमाबाईंचं तर सगळं आयुष्यच दुष्काळानं बांधलेलं. आईवडील १८७४च्या सुमारास दुष्काळातल्या वणवणीत गेले. त्या भुकेची ओळख होती, म्हणूनच १८९६-९७मध्ये मध्य प्रांतातून त्या शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. जुलै १९२१मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या. या नऊ महिन्यांचा मला फार विचार येतो. लेक गेलेल्या आईनं रोज सकाळी हिब्रू आणि ग्रीक शब्दांसमोर बसून साध्या बायांना कळेल असा मराठी शब्द शोधणं, याला मी आशा म्हणेन. त्यात पुढचं वर्ष बरं जाईल असा भरवसा कुठंच नाही.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात. १९५३मध्ये यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि देशभरची मुलं आमच्या उन्हाळ्यात भाजून पाळक होऊन गेली. उमरीला मिशनचा दवाखाना होता. १९८३मध्ये सेमिनरी पुण्याला हलली. यवतमाळच्या आवारातली झाडं तेवढी राहिली, असं आजी म्हणायची, आणि त्यात तक्रारीपेक्षा एकटेपणा जास्त असायचा.

तीन वर्षांनी, १९ मार्च १९८६ला, याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह पवनारजवळ दत्तपूरला जीव दिला. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती नोंदली गेली. पुढं यवतमाळ हे नाव वर्तमानपत्रात आलं की वाचणाऱ्याला पुढचा शब्द ठाऊक असायचा.

आणि इथं मला आमच्या साक्षींबद्दल एक खरं बोलायचं आहे. त्या वर्षांत आमच्या साक्षी खोट्या नव्हत्या, पण अपुऱ्या होत्या. ज्याचं वर्ष बरं गेलं तो उभा राहायचा. ज्याचं बुडालं तो मागच्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसायचा. कर्ज झालेल्या माणसानं मंडळीसमोर काय सांगावं? देवानं काय केलं असं विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणायची सोय नव्हती. कर्जापेक्षा लाज माणसाला आधी खाते. ती आमच्यातही खात होती, आणि आम्ही तिच्यावर गाणी म्हणत होतो.

२०१७ साली हे मोडलं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं जिल्हाभर कापूस पोखरला, पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली, आणि तिच्यावर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले, कित्येकांची नजर अधू झाली. त्या ३१ डिसेंबरला साक्षीची वेळ आली तेव्हा बराच वेळ कोणी उठलं नाही. मग बायांच्या बाजूनं एक जण उभी राहिली. पदर डोक्यावर घट्ट, हात समोरच्या खांबाला. म्हणाली, “देवा, यंदा माया तोंडून उपकार निघत नाही. पण मी आली हाये, येवढं पाहून घे.” आणि बसली.

पाळकसाहेबांनी तिला दुरुस्त केलं नाही. त्यांनी बायबल उघडून हबक्कूकच्या पुस्तकाचा शेवट वाचला. झाडाला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात जनावर नाही, असा सगळा हिशेब तिथं आधी मांडला आहे; आनंदाचा शब्द येतो तो त्यानंतर. मी तो भाग अनेकदा ऐकला होता. पण आमच्या लोकांनी तो नेहमी आनंदापासून ऐकला होता. त्या रात्री पहिल्यांदा नुकसानीपासून ऐकला.

त्यानंतर साक्षींची तऱ्हा हळूहळू बदलली. माणसं आकडे सांगू लागली. कृषी केंद्राची उधारी एवढी, सोसायटीचं थकलेलं एवढं, सावकाराकडं घरवालीचे डोरले. पहिल्या वर्षी दोघं, मग चौघं. ऐकणाऱ्यांच्या हातात फार काही नसतं. कोणी पोराची फी भरतो, कोणी फवारणीच्या दिवशी सोबत जातो, कोणी नुसता आठवड्यातून एकदा फोन करतो. पण आकडा एकदा चार माणसांत बोलला गेला की तो रात्री छातीवर एकटा बसत नाही. राज्यात आम्ही शंभरात एक. आमच्या आवाजानं धोरण हलत नाही. एवढंच जमतं, आणि ते जमायला आम्हाला तीस वर्षं लागली.

मग २०२५ आलं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाडा आणि विदर्भ झोडपला. आमच्याकडं सोयाबीन शेंगेत कुजलं आणि पऱ्हाटीची खालची बोंडं सडली. ऑक्टोबरमध्ये सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, पण हमीभावानं घालायचं तर कपास किसान ॲपवर नोंदणी हवी होती आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता. त्या पावसात भिजलेला कापूस त्यात बसवणं म्हणजे घरभर पसरून वाळवत बसणं होतं. झोपायच्या खोलीत कापूस, आणि आम्ही अंगणात. त्यातच १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आमच्या जागरणाच्या रात्रीचीच ती तारीख. बाबा म्हणाले, “आपल्यासंगं तेही वर्ष मोजून राहिले.”

बाबा आता सत्तरीपुढचे. गुडघे टेकवत नाहीत, म्हणून यंदा ते उपासनेत खुर्चीवर बसणार आहेत आणि त्यांना त्याचं वाईट वाटतं. दुपारी त्यांच्याबरोबर वावरात गेलो. शेंड्याला तीस-चाळीस बोंडं धड दिसत होती. विहिरीला पाणी आहे, दोन पाणी दिली तर फरदड होईल, शेजाऱ्यानं ठेवली आहे. बाबांनी एक बोंड तोडून अंगठ्यानं फोडलं. आत सरकीला चिकटलेली गुलाबी अळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. त्यांनी ती मला दाखवली, मग बोंड पायाखाली चिरडलं.

“ज्यानं नाई देलं त्याले उभं ठेवून काय करू,” म्हणाले. “उपटू. जागा मोकळी करू. मंग पाहू तो काय देते.”

पऱ्हाट्या उपटायचा चिमटा बांधावरच्या बाभळीला टेकवून ठेवला आहे. परवा तेल देऊन झालं. आज रात्री यवतमाळ. आकडा कोण सांगणार यावरून घरात अजून ठरायचं आहे, आई म्हणते मी सांगते. सहाच्या एस.टी.ला निघायचं, स्वेटर आणि बाबांची गोळी पिशवीत टाकली आहे. उद्या पहाटे परतलो की आधी चहा, आणि ऊन वर यायच्या आत पहिल्या दोन ओळी.