ट्रॅक्टरमागील ट्रॉली : तिची पारख आणि ओढणी

ट्रॅक्टर घेतेवेळीं आपला शेतकरी दहा ठिकाणीं चौकशी करतो. अश्वशक्ति किती, डिझेल किती लागतें, सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात कीं नाहीं, याची तो खात्री करून घेतो. पुढें त्याच ट्रॅक्टरच्या मागें जोडावयाची ट्रॉली मात्र जवळच्या वर्कशॉपांत जी उभी असेल ती, रंग पाहून, उचलून आणतो. वास्तविक ट्रॅक्टरच्या अपघातांत जो घात होतो त्यास पुष्कळदां मागची ट्रॉलीच कारण असते. प्रस्तुत लेखकानें तालुका कचेरींत बरींच वर्षें काढलीं. शेतकरी अपघात साहाय्याचीं प्रकरणें त्याच्या मेजावरून जात. ते कागद वाचून जें ध्यानांत आलें, व पुढें घरची शेती पाहूं लागल्यावर जें अनुभवास आलें, तें येथें लिहिण्याचें योजिलें आहे.

ट्रॉली मुख्यतः दोन प्रकारची असते : एका आंसाची आणि दोन आंसांची. एका आंसाच्या ट्रॉलीचा कांहीं भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्यामुळें ट्रॅक्टरच्या मागील चाकांस पकड मिळते, चिखलांत चाक फारसें घसरत नाहीं, आणि मागें घेणेंही सोपें जातें. शेणखत टाकणें, शेतांतून माल बाहेर काढणें, या कामीं हीच बरी. दोन आंसांच्या ट्रॉलीचें ओझें तिच्या स्वतःच्या चाकांवरच राहतें व तिचा पुढील आंस फिरत्या चक्रावर वळतो. लांबच्या सडकेवर जड माल न्यावयाचा असेल तर ही अधिक स्थिर चालते. परंतु मागें घेतांना ती दोन ठिकाणीं वळते, एकदां हुकाशीं व एकदां चक्रापाशीं, म्हणून नवशिक्यास ती आवरत नाहीं. माझें मत विचाराल तर ज्याची शेती दहा-बारा एकर आहे त्यानें एका आंसाची, हायड्रोलिकनें उलटणारी, पांच टनांची ट्रॉली घ्यावी. मोठी ट्रॉली दारीं असली कीं ती भरण्याचा मोह होतोच. उलटणाऱ्या ट्रॉलीसंबंधानें दोनच गोष्टी लक्षांत ठेवाव्या : विजेच्या तारांखालीं ती कधींही उचलूं नये, आणि उचललेल्या हौद्याखालीं भक्कम लांकडाचा टेकू दिल्याशिवाय कोणी शिरूं नये.

ज्यानें बैलगाडी हांकली आहे त्यास 'उलाळ' म्हणजे काय हें सांगावयास नको. माल मागें अधिक झाला कीं जूं वर उठतें व बैलांच्या गळ्यास फांस बसतो. एका आंसाच्या ट्रॉलीचें गणित तेंच आहे. ओझें आंसाच्या मागें गेलें तर दांडा हुकास वर उचलतो, ट्रॅक्टरचीं मागील चाकें हलकीं होतात, आणि वेग वाढतांच ट्रॉली नागमोडी झुलूं लागते. ओझें फारच पुढें आलें तर ट्रॅक्टरचें तोंड वर येतें व स्टिअरिंग नांवापुरतें उरतें. अमेरिकेंत घोडे नेण्याच्या ज्या ट्रॉल्या मोटारीमागें लावतात, त्यांत भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकावर ठेवण्याचा प्रघात आहे. ट्रॅक्टर मोटारीहून जड असल्यामुळें त्यास याहून थोडें अधिक झेपतें. तथापि ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पांचवा हिस्सा पुढील चाकांवर राहिलाच पाहिजे. चढावर लागतांना स्टिअरिंग हलकें वाटूं लागलें तर तो हिस्सा राहिला नाहीं असें समजून तेथेंच थांबावें.

जुनी ट्रॉली घ्यावयाची असेल तर नव्या रंगास भुलूं नये. रंग पुष्कळदां भेगा झांकण्यासाठींच दिलेला असतो. दांडा जेथें सांगाड्यास मिळतो तेथील वेल्डिंग तारेच्या ब्रशानें घांसून पाहावें. त्या जागीं केसाएवढी भेग दिसली तरी सौदा सोडावा. चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनीं वर-खालीं हलवावें व मग फिरवावें; खडखड झाली तर बेअरिंग गेलें आहे. टायरच्या बाजूस चार आंकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात. ३५२१ असें असेल तर तो टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यांत झालेला आहे. ट्रकाचे टाकाऊ टायर ट्रॉलीस चालतात ही समजूत महागांत पडते. हौद्याचा पत्रा खालून ठोकून पाहावा, कारण रासायनिक खतानें तो आंतून खाल्ला जातो. शेवटीं सांगाड्यावर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा. सात-बारा पाहिल्याशिवाय आपण गुंठाभर जमीन घेत नाहीं, मग ट्रॉली तरी तोंडी शब्दावर कां घ्यावी? मोटार वाहन कायदा, १९८८ यांत मोटार वाहनाच्या व्याख्येंतच ट्रेलरचा समावेश आहे. तिची नोंदणी वेगळी होते, व विमापत्रांतही तिचा वेगळा निर्देश असावा.

वजनाविषयीं आपला अंदाज फार चुकतो. गौण खनिजाचें दप्तर ज्यांनीं सांभाळलें त्यांस 'ब्रास' हें माप पाठ असतें. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि तेवढी वाळू भरते सुमारें साडेचार टन, ओली असली तर त्याहून अधिक. म्हणजे पांच टनांची ट्रॉली एका ब्रासानेंच पुरी झाली. तरीही वर फळ्या लावून दीड ब्रास भरणारे महाभाग आहेत, आणि दांडा मोडला म्हणजे ते वर्कशॉपवाल्यास बोल लावतात.

आतां हुकाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण येथेंच जीव जातात. ट्रॅक्टरनें ओढावयाचें तें नेहमीं खालच्या हुकानेंच ओढलें पाहिजे. ओढ मागील आंसाच्या उंचीवरून किंवा त्याच्याही वरून लागली, आणि मागील वस्तु हलली नाहीं, तर चाकें जागींच राहून ट्रॅक्टरचें धूड त्यांच्याभोंवतीं फिरतें. तोंड आकाशाकडे जातें व तो चालकासह मागें उताणा पडतो. या सर्वांस दीड-दोन सेकंद पुरतात. क्लच दाबण्याचें सुचेपर्यंत सर्व आटोपलेलें असतें. रुतलेली ट्रॉली काढतांना साखळी वरच्या कानांत अडकविण्याची जी खोड आहे ती याचसाठीं घातक आहे. माझ्यापुढें आलेल्या एका प्रकरणांत असेंच झालें होतें. पाटाच्या कडेस उसाची ट्रॉली रुतली, दुसरा ट्रॅक्टर बोलावून साखळी वर बांधली, आणि तो ट्रॅक्टर चालविणारा तरुण शेजारधर्म करावयास आला होता तो तेथेंच गेला. पुढें त्याच्या पत्नीनें साहाय्याचा अर्ज केला तेव्हां चालकाचा परवाना मागण्यांत आला. परवाना होता, परंतु त्याची मुदत संपून कांहीं महिने लोटले होते. त्या एका कागदापायीं प्रकरण अडलें. ती बाई तीन वेळां कचेरींत आली. दर खेपेस तिला उत्तर देणें माझ्याकडे असे.

पिन पुऱ्या जाडीची, खालीं चिमटा असलेली असावी. पिनीच्या जागीं बांधकामाचा गज घालून काम भागविणारे मीं पाहिले आहेत. खड्ड्यांत आदळतांच तो गज उडून जातो व ट्रॉली मोकळी सुटते. म्हणून दांड्यास व ट्रॅक्टरला जोडणारी एक जाड साखळी नेहमीं लावलेली असावी. ती वळणास पुरेल इतकीच सैल ठेवावी.

ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक असावा, असा आग्रह फारच थोडे लोक धरतात. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचें वजन सुमारें दोन टन असतें. त्याच्या मागें बिनब्रेकाची ट्रॉली मालासह दहा टनांची असली तर एकूण बारा टन झाले. ब्रेकचा जोर तोच आणि वजन सहा पट. तेव्हां थांबावयास लागणारें अंतरही सुमारें सहा पट होतें. त्यांत वेग दुप्पट केला कीं तेंच अंतर आणखी चौपट होतें. शिवाय ट्रॅक्टर थांबूं पाहतो आणि ट्रॉली मागून रेटते, त्यामुळें वळणावर दोन्ही चाकूच्या पात्यासारखीं मिटतात. शेतांत वळण्यासाठीं ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे निराळे ब्रेक असतात. सडकेवर चढण्याआधीं ते दोन्ही पायटे खिटीनें एकत्र जोडलेच पाहिजेत. ही खिटी घालण्यास एक क्षणही लागत नाहीं, आणि ती घालतो असा चालक विरळा.

घाटाचा उतार असेल तर माथ्यावरच थांबून खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्यें हा चढ चढला असता त्याच गिअरमध्यें तो उतरावा. वीस फुटांस एक फूट एवढा साधा उतार धरला तरी बारा टनांची ओढ खालच्या दिशेस ६०० किलो होते. ती इंजिनानें धरावयाची, ब्रेकनें नव्हे. डिझेल वाचविण्यासाठीं न्यूट्रल करून उतरणारा मनुष्य दहा-वीस रुपयांसाठीं काय पणास लावतो हें त्याच्या घरच्यांनीं त्यास विचारावें.

उसाच्या हंगामांत रात्रीची वाहतूक चालते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये ट्रॉलीच्या मागें लाल परावर्तक आवश्यक आहेत, आणि ते पुष्कळदां लावलेलेही असतात. परंतु मागें लोंबणाऱ्या उसानें ते झांकून जातात व काळोखांत मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यास कांहींच दिसत नाहीं. यास उपाय सोपा आहे. परावर्तक पट्टी व लाल दिवा एका फळीवर बसवावा आणि ऊस भरून झाल्यावर ती फळी अगदीं शेवटच्या मोळीवर बांधावी. ट्रॉली रस्त्यांत बंद पडली तर भोंवतीं दगड मांडण्याची आपली चाल आहे; ट्रॉली दुरुस्त होऊन जाते आणि दगड तेथेंच राहतात. ते दगड उचलून टाकणें हेंही चालकाचें काम होय. ट्रॅक्टरवर मोठमोठे कर्णे बसवून गाणीं वाजविण्याचा जो नाद लागला आहे त्याविषयीं काय लिहावें? मागून येणाऱ्याचा भोंगा ज्याला ऐकूं येत नाहीं, त्याच्या हातीं बारा टन ओझें देऊं नये एवढेंच म्हणतों.

बैल किंवा घोडा ट्रॉलींतून नेण्याचा प्रसंग बाजार व यात्रेच्या दिवसांत येतो. सारंगखेड्यास किंवा अकलूजला घोडे घेण्यास जाणाऱ्यांस तर येतोच. जनावर हें हलणारें ओझें आहे, हें विसरूं नये. वळण घेतांना तें आपला तोल सांवरण्यासाठीं पाय टाकतें, आणि पायाखालीं नुसता पत्रा असेल तर घसरून पडतें. म्हणून तळाशीं वाळू पसरून वर पेंढा टाकावा. कडा जनावराच्या खांद्याच्या वर असाव्या, आंत कोठें खिळा वा हूक बाहेर आलेला नसावा, आणि चढविण्यास फळ्यांचा उतार असावा. जनावराचें तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून त्यास आंसाच्या किंचित् पुढें उभें करावें. एकच जनावर असेल तर तें उजव्या अंगास बांधावें. आपण डाव्या बाजूनें चालतों व सडकेचा ढाळ डावीकडे असतो, म्हणून डावें अंग जड झालें कीं ट्रॉली कलते. पशुवाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणें मालवाहू गाडींत सहाहून अधिक गुरें घालतां येत नाहींत. पशुवैद्यकाचा दाखला व बाजाराची पावती जवळ बाळगावी. २०१५ पासून राज्यांत गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू आहे, त्यामुळें कागद नसले तर शेतीचे बैलही वाटेंत अडकून पडतात.

माणसें मात्र ट्रॉलींतून नेऊंच नयेत. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं कानपूर जिल्ह्यांत घाटमपूर भागांत देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यांत उलटून पंचवीसहून अधिक माणसें गेलीं. ४ एप्रिल २०२५ रोजीं आपल्याच नांदेड जिल्ह्यांत आलेगांवच्या शिवारांत मजूर स्त्रियांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत कोसळला आणि सात स्त्रिया बुडाल्या. दोन्ही ठिकाणचीं माणसें आपल्यासारख्यांच्याच घरचीं होतीं. मजुरांस आणण्यासाठीं टेंपो करावा; त्याचें भाडें मजुरीच्या हिशेबांत धरावें. शेतांतील विहिरीस कठडा नसेल तर तो आधीं बांधावा. ट्रॅक्टरच्या मडगार्डावर मुलास बसविणें हा आपला जुना लाड आहे, तोही सोडला पाहिजे.

घरीं आल्यावर ट्रॉली सोडतांना घाई होते. पिन काढण्याआधीं दोन्ही चाकांस पुढून व मागून लांकडी ओंडके लावावे, दगड लावूं नयेत, ते सरकतात. एका आंसाची ट्रॉली भरलेली असेल तर दांड्याखालीं टेकू दिल्याशिवाय पिनीस हात लावूं नये. पिन काढणारानें दांड्याच्या बाजूस उभें राहावें, ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मध्यें शिरूं नये, आणि चालकानें इंजिन बंद करून खालीं उतरल्यावरच त्यास हांक द्यावी.