राजीनाम्यावर सही करण्याआधी

जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. एकूण मनुष्यबळाच्या ते जवळपास २ टक्के होते आणि त्यांतले बहुतेक मधल्या व वरच्या फळीतले. हिंजवडी-खराडीपासून ऐरोलीपर्यंत कितीतरी घरांत तेव्हापासून एकच धास्ती आहे. त्याआधी जानेवारी २०२०च्या अखेरीस बीएसएनएल आणि एमटीएनएलमधले ९० हजारांहून अधिक कर्मचारी व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. योजनाच मुळी पन्नाशी गाठलेल्यांसाठी होती. मुंबईतल्या एमटीएनएलच्या कुटुंबांना तो दिवस अजून आठवत असेल.

अशा प्रत्येक लाटेत शेजारी, मेव्हणे, जुने सहकारी सल्ले घेऊन येतात. त्यांतले निम्मे ऐकीव असतात, आणि पुष्कळांच्या मुळाशी लाज असते: हे कुणाला कळायच्या आत आवरून टाकू. या लाजेपोटी पहिल्या पंधरवड्यात घेतलेले निर्णय नोकरी जाण्याइतकेच महागात पडतात, असं माझं ठाम मत आहे.

“काम चांगलं असतं तर काढलं नसतं.”

नातेवाईक हे तोंडावर म्हणत नाहीत, पण ज्याची नोकरी गेली तो स्वतःला रात्रंदिवस हेच ऐकवत असतो. कामगार कपातीची कायद्यातली व्याख्या वाचा: शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कारणाने कामगाराला कमी करणं म्हणजे कपात. ग्राहकाने प्रकल्प बंद केला, विभाग दुसऱ्या शहरात हलला, वीस वर्षांच्या वाढींनी पगार फुगला, अशी ती कारणं असतात. पन्नाशीतल्या माणसाचं नाव यादीत वर येतं ते पुष्कळदा त्याच्या पगारामुळे.

“राजीनामा दिला की अब्रू राहते.”

सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. एचआरच्या खोलीत समोर दोन माणसं बसलेली असतात, टेबलावर टाइप केलेला राजीनामा असतो. “स्वतःहून गेलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील” असं सांगितलं जातं आणि माणूस तिथल्या तिथे सही करतो.

सहीने काय जातं ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्यानुसार एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. नव्या कौशल्यांसाठीच्या निधीतून आणखी १५ दिवसांचं वेतन कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचं असतं. वीस वर्षं झालेल्या माणसाची ही भरपाई ढोबळमानाने दहा महिन्यांच्या पगाराइतकी होते. स्वेच्छेने राजीनामा दिला की ती कपात उरत नाही आणि हे सारं हातचं जातं. दबाव होता हे नंतर सिद्ध करण्याचं ओझं त्याच माणसावर येतं.

यावर लगेच ऐकू येतं, “अहो, हे कायदे निळ्या गणवेशातल्या कामगारांसाठी.” ते अर्धसत्य आहे. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारे कायद्यातल्या ‘कामगारा’च्या व्याख्येबाहेर आहेत, आणि देखरेखीचं काम करणारे महिना १८ हजारांपेक्षा जास्त पगार असेल तर बाहेर. मात्र तांत्रिक, कुशल किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची अशी मर्यादा नाही. कार्डावरच्या पदनामाला न्यायालयं फारसं महत्त्व देत नाहीत, दिवसभर प्रत्यक्ष काय काम करत होता ते बघतात. हाताखाली एकही माणूस नसलेला ‘सीनियर मॅनेजर’ कंपन्यांमध्ये काही दुर्मीळ नाही. चाकणच्या कारखान्यात ३०० किंवा अधिक कामगार असतील तर कपातीआधी सरकारची परवानगीही लागते. आयटी कंपनीला ही अट लागत नाही, कारण ती कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरती आहे.

जे खरोखरच व्यवस्थापक आहेत त्यांची भिस्त नेमणूकपत्रावर आणि वाटाघाटीवर. कंपनीलाही प्रकरण शांतपणे मिटवायचं असतं, म्हणून तिथेही बोलायला जागा असते. किती महिन्यांचा पगार, आरोग्यविमा कधीपर्यंत, रिलीव्हिंग लेटरमध्ये शब्द कोणते, हे सगळं मागता येतं. त्यासाठी त्या खोलीत म्हणायचं एवढंच: “मला हे ई-मेलवर पाठवा, मी वाचून कळवतो.” घरी येऊन कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. त्याची फी हा या काळातला सगळ्यांत सत्कारणी लागणारा खर्च आहे.

“राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी बुडते.”

बुडत नाही. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर राजीनामा, कपात, निवृत्ती, कशानेही बाहेर पडलात तरी ती मिळते. शेवटच्या मासिक वेतनाला २६ने भागायचं, १५ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. वेतन ७८ हजार आणि नोकरी २० वर्षं असेल तर ९ लाख. वर सात महिने झाले असतील तर ते वर्ष पूर्ण धरतात. कमाल मर्यादा २० लाखांची आहे आणि ३० दिवसांत रक्कम दिली नाही तर व्याज द्यावं लागतं. नव्या कामगार संहितांमध्ये भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच मोजायचा आहे. तेव्हा कंपनीने जुन्या ‘बेसिक’वर आकडा काढला असेल तर विचारा. फुल अँड फायनलमधला थकीत पगार तर वेतन संहितेनुसार दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवा, आणि हा हक्क व्यवस्थापकांनाही आहे.

कराबद्दल थोडक्यात. कामगाराच्या कपातीची भरपाई जास्तीत जास्त ५ लाखांपर्यंत करमुक्त असते आणि शिल्लक रजेचे पैसे खासगी नोकरीत २५ लाखांपर्यंत. कंपनीने आपखुशीने दिलेलं ‘पॅकेज’ मात्र सहसा पगारासारखंच करपात्र ठरतं. हातात किती पडणार ते कर वजा करूनच मोजा.

“पीएफ काढून गृहकर्ज फेडून टाका.”

डोक्यावर कर्ज नको ही आपली मध्यमवर्गीय शिकवण चांगलीच आहे. पण मिळकत थांबलेली असताना रोकड जास्त मोलाची. पीएफवर २०२४-२५साठी ८.२५ टक्के व्याज होतं. नोकरी सुटली, वर्गणी थांबली तरी खात्यावर वयाच्या ५८पर्यंत व्याज मिळत राहतं. फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. गृहकर्जाचा दर याच्या आसपास असेल तर ते फेडून फार काही वाचत नाही आणि अडीनडीचा पैसा मात्र भिंतींत जाऊन बसतो. बँकेत आधीच जा, हप्ता लांबवून मागा. दोन हप्ते चुकल्यावर गेलात तर तीच बँक वेगळ्या सुरात बोलेल.

याच खात्याशी जोडलेल्या पेन्शनचा गोंधळही मोठा आहे. दहा वर्षं पूर्ण झाली की ती रक्कम एकरकमी काढता येत नाही. पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के घट कायमची लागते. दोन वर्षांची चणचण भागवण्यासाठी जन्मभराची पेन्शन कापून घेऊ नये.

“कंपनीचा विमा आहे ना!”

नोकरीसोबत तोही जातो, आणि पन्नाशीत रक्तदाब-मधुमेह असलेल्याला नवी पॉलिसी सहज मिळत नाही. कव्हर चालू असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्यासाठी अर्ज करा. त्यामुळे जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षाकाळात आधीची वर्षं धरली जातात. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही.

“आता वेळच वेळ. छंद जोपासा.”

ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावात १९३०च्या सुमारास एकमेव कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे जाऊन अभ्यास केला. तो १९३३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना वाटलं होतं त्याच्या उलट दिसलं. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं. पुरुष रस्त्याने सावकाश चालत, पुन्हा पुन्हा थांबत, आणि दिवसभर काय केलं ते त्यांना सांगता येत नसे. घरकामाचा रगाडा ओढणाऱ्या बायकांचा दिवस मात्र तेवढा विस्कटला नव्हता. याहोडांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराखेरीज दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, सामाईक उद्दिष्ट देते, ओळख देते आणि नियमित हालचाल देते. गिरणगावात १९८२च्या संपानंतर वर्षानुवर्षं घरी बसलेले गिरणी कामगार ज्यांनी पाहिले, त्यांना हे नवं वाटणार नाही.

म्हणून आपल्या माणसाची चिडचिड, दुपारी झोपणं, फोन टाळणं याला आळस म्हणू नका. सकाळी ठरावीक वेळी घराबाहेर पडायला एखादं निमित्त हवं, मग ते वाचनालय असो वा मित्राच्या वर्कशॉपमध्ये हिशेब बघणं. झोप उडाली, जगण्यात अर्थ वाटेना, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

“कुणाला सांगू नका, नवी नोकरी लागली की बघू.”

डबा घेऊन रोज बागेत जाऊन बसणारे लोक आजही आहेत. त्यांच्या पत्नीला खर्च आवरता येत नाही, मुलांना घरातला ताण कळतो पण कारण कळत नाही. आणि नोकरी मिळण्याची मुख्य वाटही बंद होते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात (१९७३) ओळखीतून नोकरी मिळालेल्या दर ६ जणांपैकी ५ जणांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. २०२२मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सभासदांवरच्या अभ्यासातही फार जवळच्यांपेक्षा मध्यम दूरच्या ओळखी जास्त उपयोगी ठरल्या. जवळच्या मित्रांना आपल्याला जे माहीत तेच माहीत असतं.

पन्नाशीनंतर शोधाला वेळ जास्त लागतो, वयाचा पूर्वग्रह खरा आहे, आणि पगार पूर्वीइतका मिळेलच असं नाही. पण पंचवीस वर्षांच्या कामात अशा दूरच्या ओळखी तिशीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त साठलेल्या असतात. जुन्या कंपनीचे पुरवठादार, कधीकाळचे ग्राहक, नोकरी बदलून गेलेला कनिष्ठ सहकारी, कॉलेजच्या बॅचमधला दहा वर्षांत न भेटलेला मित्र. यांची यादी करून रोज दोन-तीन फोन करायचे, आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं की कंपनीने माणसं कमी केली, त्यांत मी होतो, आणि मला अमुक प्रकारचं काम हवं आहे.