ओळ कुठाय? सातारा ते सांगली, पडद्यावरच्या ओळींच्या दहा गमती

सांगलीत विश्रामबागला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९४७ सालचं. तिथं विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. अशा कुठल्याही लॅबमध्ये नवं पोरगं काळ्या पडद्यासमोर बसलं, की लवकरच ‘मॅन’ ही आज्ञा देऊन मदतीचं पान उघडतं. पान उघडतं, खाली-वर सरकतं, आणि मग त्यातून बाहेर कसं पडायचं तेच कळत नाही! (क्यू दाबा, सुटाल.)

बहुतेक लिनक्स संगणकांवर हे पान ‘लेस’ नावाचा चिमुकला प्रोग्रॅम दाखवत असतो. त्याचं काम साधं: लांबलचक मजकुरातला पडद्यावर मावेल तेवढाच तुकडा दाखवायचा आणि आपण कुठं आहोत हे विसरायचं नाही. या न विसरण्यातच सगळी गंमत आहे.

१. आधी ‘मोर’, मग ‘लेस’

१९७८ साली बर्कलीच्या विद्यापीठात डॅनियल हॅल्बर्ट यांनी ‘मोर’ लिहिला. हा पिसाऱ्याचा मोर नव्हे, इंग्रजीतला ‘आणखी’. पडदा भरला की खाली ‘मोर’ असं लिहून तो थांबायचा. अडचण एकच, सुरुवातीला त्याला मागं फिरणं जमत नव्हतं. मार्क नूडलमन यांना वाचलेलं पुन्हा बघायचं होतं, म्हणून १९८३ ते १९८५ या काळात त्यांनी ‘लेस’ घडवला. आणखीला उत्तर म्हणून ‘कमी’! प्रत्यक्षात या कमीला मोरापेक्षा कितीतरी जास्त येतं.

२. पडदा ओळी नाही, पत्ते लक्षात ठेवतो

समजा, एका फाईलमध्ये एकाखाली एक चार नावं आहेत: सातारा, सांगली, मिरज, वाई. लेस शेजारी एक तक्ता ठेवतो. त्यात ही नावं नसतात, असतात फक्त आकडे: ०, १९, ३८, ५१. म्हणजे पडद्यावरची प्रत्येक ओळ फाईलच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर सुरू होते, तो पत्ता. ‘सातारा’ १८ बाइटचा (कसा, ते सहाव्या गमतीत), त्यापुढं ओळ संपल्याची खूण १ बाइटची, म्हणून ‘सांगली’चा पत्ता १९. कुठलंही अक्षर कोणत्या ओळीत आहे हे शोधायचं असेल, तर तक्त्यात बघायचं: २५ हा आकडा १९ आणि ३८ यांच्या मध्ये, म्हणजे दुसरी ओळ. संपलं.

३. रांग सरकते, आणि कबुलीही तशीच

मोठ्या फाईलमध्ये एक ओळ खाली गेलात, की तक्त्यातला सगळ्यात वरचा पत्ता गळतो, बाकीचे एकेक पायरी वर चढतात आणि तळाला नवा येऊन बसतो. रेशनच्या रांगेसारखं. लेसच्या मूळ प्रोग्रॅममध्ये हे काम करणाऱ्या फाईलचं नाव ‘पोझिशन डॉट सी’. तिच्या सुरुवातीच्या टिपेतच कबुली आहे: सगळ्या नोंदी सरकवण्यापेक्षा तक्ता गोल ठेवून नुसते काटे फिरवले असते तर बरं झालं असतं. पण वीस-पंचवीस आकडे सरकवायला संगणकाला लागतो किती वेळ? चालतंय की.

४. मागं जाणं म्हणजे खंबाटकी घाटात रिव्हर्स

पुढची ओळ शोधणं सोपं, वाचत सुटायचं. मागची ओळ शोधायला एकेक बाइट उलटं चालावं लागतं, आधीची ओळ संपल्याची खूण सापडेपर्यंत. त्यातही मधला परिच्छेद लांबलचक असेल आणि पडद्यावर पाच-सहा ओळींत दुमडलेला असेल, तर त्याच्या पार तोंडाशी जायचं आणि तिथून पुन्हा पुढं येत, एकेक घडी घालत, शेवटची घडी कुठं पडते ते बघायचं. एक पाऊल मागं यायचं, तर आधी दहा पावलं मागं जाऊन नऊ पावलं पुढं यायचं!

५. ओळीचा क्रमांक फाईलमध्ये लिहिलेलाच नसतो

‘ही कितवी ओळ?’ याचं उत्तर फाईलला ठाऊक नसतं, मोजावंच लागतं. लेस रेल्वेतल्या मुरलेल्या प्रवाशासारखा वागतो. साताऱ्याहून निघालं की कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली. मधलं एखादं स्टेशन कितवं, हे सांगायला कुणी दरवेळी साताऱ्यापासून मोजत नाही, ओळखीच्या जवळच्या स्टेशनापासून मोजतो. लेससुद्धा ‘या पत्त्यावर इतकावी ओळ’ अशा काही मोजक्या नोंदी जवळ ठेवतो. जागा संपली, की ज्या नोंदीच्या अलीकडची-पलीकडची स्टेशनं सगळ्यात जवळजवळ आहेत, तीच काढून टाकतो. तरीही फाईल अवाढव्य असली, तर ‘ओळी मोजतोय’ असा निरोप येतो. कंटाळा आला तर कंट्रोल-सी दाबा, तो मोजणी सोडून देतो आणि क्रमांक दाखवणं बंद करतो.

६. सातारा आणि सांगली, वजन सारखं, रुंदी वेगळी

अक्षरं बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. सातारा: स, काना, त, काना, र, काना. सहा चिन्हं, १८ बाइट. सांगली: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. सहा चिन्हं, १८ बाइट. दोन्ही जिल्ह्यांचा मान राखला! पण पडद्यावर भांडण लागतं. बऱ्याच टर्मिनलांच्या, म्हणजे त्या काळ्या पडद्यांच्या, हिशेबात कान्याला एक घर आणि अनुस्वाराला शून्य घर. म्हणजे सातारा सहा घरांचा, सांगली पाचांची. आता टर्मिनल आणि लेस यांनी एखाद्या अक्षराची रुंदी वेगवेगळी धरली, तर ओळ भलत्याच ठिकाणी दुमडते, आणि तक्ता म्हणतो चौथी ओळ, डोळ्यांना दिसते पाचवी.

७. कऱ्हाड शोधाल, तर कोणतं?

कऱ्हाडमधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ आठवा. तो दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. नुक्त्याचा तयार ‘ऱ’ घेऊन पाय मोडला, तर ‘कऱ्हाड’ १८ बाइटचं. साधा ‘र’ घेऊन, पाय मोडून, मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घातलं, तर तेच गाव २१ बाइटचं. दिसायला जुळे भाऊ! पण लेस चेहरा बघत नाही, बाइट बघतो. एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. ‘कराड’ लिहिणाऱ्यांचं १२ बाइटांत भागतं.

८. मिरजेची वेलांटी आधी दिसते, नंतर येते

‘मिरज’ लिहिताना हात आधी वेलांटी काढतो. फाईलमध्ये मात्र ‘म’ पहिला, वेलांटी त्याच्यामागं. म्हणजे डोळ्यांना पहिली दिसणारी गोष्ट पत्त्यानं दुसरी. याच मिरजेत १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. आपल्याकडच्या देवनागरी छपाईच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी ती एक. पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. आणि ओळ एकदा कोरली की तिची जागा कायमची, पान रुंद करा की अरुंद. लेसमध्ये खिडकीचा कोपरा ओढला की सगळ्या ओळी नव्यानं दुमडतात. वरच्या ओळीचा पत्ता तेवढा हातात धरून लेस बाकीचा तक्ता पुन्हा मांडतो.

९. सज्जनगडची युक्ती, मोरपिसाची सोय

सातारा जिल्ह्यातल्या सज्जनगडावर समर्थ रामदासांनी अखेरची वर्षं काढली. त्यांचा दासबोध म्हणजे २० दशक, प्रत्येकात १० समास, एकूण २०० समास आणि ७,७५१ ओव्या. ‘पान नंबर अमुक’ असं सांगितलं तर ते एकाच आवृत्तीत जुळेल. पण दशक, समास, ओवी हा पत्ता सुट्या पानांच्या पोथीत चालतो, खिशातल्या आवृत्तीत चालतो, मोबाइलवरही चालतो. पान बदललं, पत्ता बदलला नाही. लेसची युक्ती हीच.

वाचता वाचता उठायचं झालं तर पोथीत मोरपीस ठेवतात. लेसमध्ये ‘एम’ दाबून एखादं अक्षर दाबा, खूण झाली. लहान-मोठी धरून रोमन लिपीची ५२ अक्षरं, म्हणजे ५२ मोरपिसं. परत यायला एकेरी अवतरणचिन्ह आणि तेच अक्षर. खुणेत दोन गोष्टी साठतात: ओळीचा पत्ता, आणि ती पडद्यावर कितव्या ओळीवर होती ते. म्हणून परतल्यावर ती नजरेला जिथं सोडली होती तिथंच भेटते. खुद्द मोरपिसाला एवढं जमत नाही, ते पान सांगतं, ओळ आपली आपण शोधायची.

१०. रिकामं म्हणजे शून्य नव्हे

चार नावांची आपली फाईल पडद्याच्या वरच्या टोकापासून मांडली, की खाली बरीच जागा उरते. तिथं प्रत्येक ओळीवर ‘~’ अशी लाटेची खूण दिसते. तक्त्यात या रिकाम्या ओळींपुढं काय लिहितात? शून्य? छे! उणे एक. कारण शून्य हा पत्ता आधीच दिलेला आहे, फाईलच्या पहिल्या अक्षराला. आपल्या यादीत तिथं साताऱ्याचा ‘स’ राहतो.