पत्र्याची गिटार घेताना

१९३० साली अमेरिकेतल्या नॅशनल कंपनीने ड्युओलियन नावाची गिटार साडेबत्तीस डॉलरला बाजारात आणली. याच कंपनीने तीन वर्षांपूर्वी काढलेली ट्रायकोन मात्र अगदी साध्या रूपातही १२५ डॉलरना पडे. महामंदीत एवढे पैसे घालणारे गिऱ्हाईक कुठून मिळणार? म्हणून चकचकीत जर्मन सिल्व्हर गेलं, पोलादी पत्रा आला. आतल्या, आवाज मोठा करणाऱ्या तीन शंकूंच्या जागी एकच शंकू बसला. काटकसरीतून जन्मलेली ही एकशंकू पोलादी गिटार अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ब्लूजवाल्यांनी उचलली. बुक्का व्हाइट आणि सन हाउस यांच्या स्लाइडचा, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवण्याचा, जो खरखरीत, छातीवर येणारा आवाज आपण ऐकतो, तो याच जातीच्या वाद्याचा आहे. तेव्हा आज कमी पैशात धातूची रेझोनेटर, म्हणजे अशी शंकूवाली गिटार, शोधणाऱ्याने मनात कमीपणा आणू नये. या वाद्याची अस्सल परंपराच मुळी स्वस्ताईची आहे.

हे वाद्य जन्मलं मोठ्या आवाजाच्या गरजेतून. विजेवरची गिटार तेव्हा यायची होती, आणि वाद्यवृंदात साध्या गिटारचा आवाज बुडून जाई. हवाईयन गिटार वाजवणाऱ्या जॉर्ज बोशँप यांनी लॉस एंजलिसमधले वाद्यनिर्माते जॉन डोपियेरा यांच्याकडे जास्त बुलंद गिटार मागितली. डोपियेरांनी गिटारच्या पोटात अॅल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले. जुन्या रेडिओच्या लाउडस्पीकरमधला कागदी शंकू जे काम करतो, तेच हे शंकू करतात. तारेचं कंपन घोडीतून शंकूवर उतरतं आणि शंकू हवा हलवतो. नेहमीच्या गिटारमध्ये ही जबाबदारी वरच्या लाकडी फळीवर असते. इथे मात्र बाहेरचा पत्रा कितीही देखणा असला, तरी गाणारा तो नव्हे, शंकू.

शंकूच्या मांडणीचे तीन प्रकार आहेत. ट्रायकोनमध्ये सहा-सहा इंचांचे तीन शंकू आणि त्यांना जोडणारी टी आकाराची पट्टी असते. तिचा स्वर लांबतो, गोलसर असतो, आणि तीच सर्वांत महाग. स्पायडर प्रकारात शंकू वाडग्यासारखा उताणा असतो आणि त्याच्या कडेवर आठ पायांची घोडी उभी राहते. ही मांडणी बहुधा लाकडी अंगात दिसते आणि ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतात शोभते. तिसरा प्रकार बिस्किटचा. यात साडेनऊ इंचांचा एकच शंकू असतो, त्याच्या माथ्यावर लाकडाची लहान चकती आणि चकतीच्या खाचेत घोडी. आवाज फटकन उठतो आणि लवकर विरतो. बाटलीची मान बोटात घालून ब्लूज वाजवायचं असेल आणि खिसा बेताचा असेल, तर माझं मत नि:संशय याच प्रकाराच्या बाजूचं आहे. स्वस्त ट्रायकोनमध्ये तेवढ्याच पैशात तीन शंकू आणि गुंतागुंतीची जुळणी बसवावी लागते, आणि कुठेतरी हात आखडता घेतलेला असतोच.

खरेदीपूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: या गिटारमधलं काय पुढे बदलता येईल आणि काय नाही? शंकू बदलता येतो, आणि तोही सहज. तो कुठेही चिकटवलेला नसतो. पोटातल्या गोल कड्यावर नुसता टेकलेला असतो आणि तारांच्या दाबानेच जागी राहतो. तारा सोडायच्या, जाळीच्या झाकणाचे स्क्रू काढायचे, की शंकू हातात. स्वस्त गिटारमध्ये बहुधा जाड, जड शंकू घातलेला असतो आणि आवाज तिथेच कोंडतो. नॅशनल रेझो-फॉनिकसारख्या कंपन्यांचा पातळ शंकू गिटारच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशात मिळतो, आणि त्याच पत्र्यातून जणू दुसरंच वाद्य बोलू लागतं. घोडी, नट, खुंट्या, तारा हेही सगळं बदलण्याजोगं.

मान मात्र अशी नाही. ती वाकडी असेल किंवा चुकीच्या कोनात बसवलेली असेल, तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीला भिडू शकतो. रेझोनेटरमध्ये आणखी एक अडचण आहे. घोडी शंकूच्या मध्यावरच असावी लागते, ती मागेपुढे सरकवून स्वर जुळवायची सोय नाही. म्हणून बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर, दोन्ही ऐकावेत. त्यांत ठळक फरक असेल, तर ती गिटार सोडून द्यावी. स्लाइडला पडद्यांशी काय देणंघेणं, असं दुकानदार म्हणेल. पण बहुतेक स्लाइडवाले मधूनमधून बोटांनीही तार दाबतात.

घोडीची उंची नीट पाहावी. तारा घोडीवरून ओलांडून मागच्या तारकसाकडे (जिथे तारांची टोकं अडकवतात) स्पष्ट उताराने गेल्या पाहिजेत. या उतारानेच शंकूवर दाब पडतो. आधीच्या मालकाने तारा खाली आणायच्या नादात घोडी घासून बुटकी केली असेल, तर दाब कमी होतो, आवाज मरतो आणि खडखड सुरू होते. जुन्या गिटारमध्ये बुटकी घोडी दिसली की समजावं, खरा दोष मानेच्या कोनात असण्याची शक्यता आहे. लांबून मागवत असाल, तर घोडीचा बाजूने काढलेला फोटो मागाच. गिटार समोर असेल, तर तारा तळहाताने दाबून पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून बघावं. बारीक खुळखुळ झाकणाच्या सैल स्क्रूची असेल तर चिंता नाही. पोटाच्या आतून, मानेच्या लांब दांड्याकडून आवाज येत असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पत्र्याची चर्चा लोक फार करतात. पोलादाचा स्वर कडक, पितळेचा थोडा ऊबदार, एवढं खरं; पण चांगल्या शंकूची पोलादी गिटार वाईट शंकूच्या पितळी गिटारला सहज मागे टाकते. निकेलच्या झळाळीसाठी जास्त पैसे मोजू नका. वजनाची तयारी मात्र ठेवा. साडेतीन-चार किलोंचं ओझं मांडीवर असतं.

आपल्याकडे स्लाइडची ओळख बहुतेकांना हवाईयन गिटारमुळे झाली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये ब्रिजभूषण काबरा यांनी मींडेने भरलेली जी गिटार वाजवली, ती आडवी ठेवून, वरून स्टीलचा दांडा फिरवून. ती रेझोनेटर नव्हती, पण त्या पद्धतीने वाजवणाऱ्याने मान पाहूनच गिटार घ्यावी. चौकोनी मानेची गिटार फक्त आडवीच वाजते. तारा उंच असतात, बोटांनी दाबता येत नाहीत. गोल मानेची गिटार दोन्हीकडे चालते, कारण नटवर एक लहान धातूची टोपी बसवली की तारा उंच होतात आणि ती मांडीवर आडवी घेता येते. कुठली वाट धरायची हे ठरलं नसेल, तर गोल मानच घ्यावी. फक्त तिच्यावर ब्लूग्रासवाल्यांची चढ्या जी स्वरांची जुळवणी लावू नये. त्या ताणाला चौकोनी मानच टिकते.

रेकॉर्डिंग किंग, ग्रेच, रिपब्लिक, रीगल ही स्वस्त रेझोनेटरच्या वर्गातली नावं. अमेरिकेत अशा गिटार साधारण पाचशे ते हजार डॉलरच्या दरम्यान मिळतात, तर नव्या नॅशनल रेझो-फॉनिकसाठी त्याच्या तिप्पट-चौपट मोजावे लागतात. आपल्याकडे वाहतूक आणि आयातशुल्क वर चढतं, म्हणून मुंबई-पुण्यात कुणाकडे वापरलेली मिळाली तर आधी ती पाहावी. कोकण-मुंबईची हवा मात्र पत्र्याला मानवत नाही. जुन्या पोलादी गिटारमध्ये स्क्रूंच्या भोकांपाशी आणि रंग उडालेल्या कडांवर गंज शोधावा, आणि झाकण उघडून दाखवायला सांगावं. अॅल्युमिनियमच्या शंकूवर पांढरी भुकटी जमली असेल किंवा तो मध्ये दबला असेल, तर नव्या शंकूचे पैसे किमतीतून वजा करून घ्यावेत.

घरी आणल्यावर १३ ते ५६ जाडीचा संच चढवावा. बारीक तारांनी शंकू जागा होत नाही. बाराव्या पडद्यावर तारेखाली अडीच-तीन मिलिमीटर जागा ठेवावी, म्हणजे स्लाइड पडद्यांवर आपटत नाही. जाड तारा ओपन डी किंवा ओपन जी या जुळवण्यांमध्ये उतरवून लावल्या की मानेवरचा ताणही आवाक्यात राहतो. तारा बदलताना एकेकच बदलावी. सगळ्या एकदम काढल्या, तर शंकू जागचा हलतो आणि पुन्हा बसवताना मधोमध येईलच याची खात्री नसते.