गुप्तलिपीची किल्ली

बालमित्रहो, गुप्तलिपीचे मूळ धडे आज केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संगणकीय पाठशाळेंत घरबसल्या शिकतां येतात. त्यांतील आरंभीचा धडा येथेंच करूं. प्रत्येक व्यंजनाऐवजीं वर्णमालेंतील पुढचें व्यंजन लिहावें. म्हणजे ‘सातारा’चें ‘हाथाला’ व ‘सांगली’चें ‘हांघवी’ होतें. किती घरें पुढें जावयाचें, हीच किल्ली. पण व्यंजनें अवघीं ३४. चोरानें ३३ किल्ल्या लावून पाहिल्या कीं कुलूप उघडलेंच! उलट, २००१ सालीं अमेरिकेंत प्रमाण ठरलेल्या ‘एईएस’ पद्धतींत किल्ल्यांची संख्या निदान ३९ अंकी भरते. रीत शत्रूस कळली तरी चालेल, किल्ली कळूं नये, हें तत्त्व केर्कहॉफ्स या डच पंडितानें १८८३ सालींच मांडिलें. म्हणून पालकहो, बँकेचा परवलीचा अंक कोणी गोड बोलून विचारला तरी सांगूं नये. किल्ली आपणच दिल्यावर कुलपानें काय करावें?